तीन सिक्लोन धरून

पहिल्या दिवशी गिरजाताईनं माझं नावही विचारलं नाही. आमच्या बेटावरच्या क्युरपिप गावातल्या स्वेटर विणायच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या यंत्रावर बसली आणि हळूच म्हणाली, "मागलं दार कुठं उघडतं?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ती बेटाच्या उत्तरेकडच्या त्रियोले गावची. नवऱ्यानं मुलीदेखत तिच्या मानेला उसाचा कोयता लावला होता. दुसऱ्या सकाळी तो शेतावर जाताच ती सहा वर्षांच्या लक्ष्मीला घेऊन निघाली. आमच्या घरामागची खोली मी तिला दिली.

घटस्फोटाचा अर्ज केला तेव्हा वकील म्हणाला, आठ महिने लागतील. बाहेर येताच ती म्हणाली, "आव्होका आठ म्हणतो. आपण तीन सिक्लोन धरू." चक्रीवादळं वर्षाकाठी एकदा यायची, म्हणजे तीन वर्षं. "तो तारखेला यायचा न्हाई. मला दमवील."

तिनं तशीच तयारी केली. लग्नाचा दाखला माझ्या पेटीत ठेवला. "माझ्याशिवाय कुणाच्या हाती लक्ष्मीला देऊ नका," असं शाळेतल्या बाईंना बजावलं. कारखान्यातून रोज वेगळ्या वाटेनं घरी यायची.

मी एकदा म्हटलं, "इतकं लांबचं कशाला धरतेस गं?"

"आठ म्हैने धरले आन् नवव्यात धीर सुटला, तर मी माघारी जाईन, शांते. मला माझंच भ्याव वाटतं."

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तिचा नवरा कारखान्याच्या फाटकाशी उभा दिसला. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. मला अगदी मऊपणे म्हणाला, "गिरजा हितं कामाला हाय न्हवं? तिची आई बिमार हाय."

तिची आई वारून दहा वर्षं झाली होती. "अशी कुणी नाही इथं," मी म्हटलं.

आत येऊन मी तिला मागच्या दाराकडे ढकललं. ती राखेसारखी पांढरी पडली होती, पण हलेना. "मी पळाले तर तो लक्ष्मीची शाळा हुडकील," म्हणाली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. आम्ही साऱ्या बाया तिच्यामागे.

"काय बोलायचं ते कोर्टात बोल," ती त्याला म्हणाली.

त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, हसला आणि गेला. दिवसभर तिच्या हातून सुईत धागा जाईना. "भ्याव गेलं न्हाई," ती म्हणाली. "त्याला संगं घेऊनच गेले."

तो खरंच तारखांना आला नाही. तिच्या बाजूनं निकाल लागायला चौथं वर्ष उजाडलं. तरी ती हसली नाही. अपिलाची मुदत वकिलाला विचारली आणि तेवढे दिवसही तशीच जपून वागली. मुदत संपली त्या दिवशी तिला जो ताप भरला, तो तीन दिवस उतरला नाही. चार वर्षांचं कापरं अंगातून निघत होतं.

बरी झाल्यावर ती लक्ष्मीला घेऊन रिव्हिएर दू रांपारला भावाकडे, भाजीच्या मळ्यावर निघाली. मी बाजारातल्या बसपर्यंत गेले. त्याला माझ्या घराचा माग लागू नये म्हणून इतक्या वर्षांत रस्त्यात तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. बस हलली, तशी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि सारा बाजार वळून बघेल इतक्या मोठ्यानं ओरडली, "शांते! ए शांते!"