बेलच्या बटणांचा कंट्रोलर

महेश भावोजी, परवापासून तुम्ही फोन उचलत नाही म्हणून इथे लिहितेय.
इथे सगळ्यांच्या फोटोंना अंगठे देत बसता, म्हणजे हे पण वाचाल.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. पान ठेवलं, कावळा शिवला, मग सासूबाई जेवल्या.
तुम्ही आला नाहीत. आलात तर मी कंट्रोलर कुठे आहे ते विचारणार, हे तुम्हाला माहीत होतं.

तर आता सगळ्यांसमोर विचारते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमचे हे, विजय, पावस गावचे डीजे. वीस वर्षं हळदी नि लग्नं वाजवली. महेश हे त्यांचे धाकटे भाऊ.
मी सातवीच शिकलेय. पण आमच्या साऊंडच्या तुटक्या वायरी, जॅक, सगळं सोल्डरिंग माझंच. ह्यांना चष्मा लावायचा कंटाळा.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला.
तोंड शाबूत होतं. दिवसभर मलाच बोलायचे.

आमच्या घरापर्यंत रस्ता नाही, पाखाडी आहे. चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या.
माणूस खाटेवरून पडवीत, पडवीतून खाटेवर. पाच महिने.
एकदा म्हणाले, "अगो, जेलमधे निदान सुटायची तारीख तरी देतात."

मी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायचं यंत्र, आणून पुढ्यात ठेवला.
त्याला दोन डेक असतात, डावा नि उजवा. एकावर गाणं चालू असतं, दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं. गाणं सुरू करायचं बटण ज्याच्या त्याच्या डेकवर. हे डाव्या हाताने मधला फेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर न्यायची सरकती कळ, धरणार, तोच हात उजव्या टोकाच्या बटणावर नेईपर्यंत ठेका निघून जायचा.
तीनदा चुकले. चौथ्यांदा कंट्रोलर ढकलून दिला. मी झेलला.

दुसऱ्या दिवशी मी तो उघडला.
खालचे स्क्रू काढले. वरच्या नॉबच्या टोप्या ओढून काढल्या. आत पट्टीसारखी केबल असते, ती जपून सोडवली.
हे खाटेवरून ओरडत होते, वॉरंटी जाईल.
मी म्हटलं, "तुमची गेली तेव्हा कोणाला विचारलंत?"

उजव्या डेकची दोन्ही बटणं, गाणं सुरू करायचं नि परत सुरुवातीला आणायचं, काढून तिथून वायरी डावीकडे आणल्या. आता डावीकडे लावायला बटणं कुठून आणायची? आमच्या दारावरच्या बेलचं काढलं. दुसरं माहेरी जाऊन भावाच्या दारावरचं काढून आणलं. वहिनी अजून टोमणे मारते.
कडेला भोकं पाडून बसवली. मोठी, पांढरी, न बघता सापडतील अशी.

चार दिवस गेले त्यात.
नंतर रत्नागिरीत एका दुकानदाराने सांगितलं, हे लॅपटॉपमधे सेटिंग करून पाच मिनिटांत झालं असतं, उघडायची गरजच नव्हती.
हे इतके हसले की ठसका लागला. पाणी पाजलं तेव्हा म्हणाले, "आता तसंच राहू दे. हात लावू नको त्याला."

झटक्यानंतरची पहिली ऑर्डर पालीला, एका घरातल्या थोरल्या मुलीची हळद.
भावोजी, तुम्ही ह्यांना पाठुंगळी घेऊन चाळीस पायऱ्या उतरलात. ते मी विसरले नाही. म्हणून अजून नीट बोलतेय.

त्या दिवसापासून ह्यांच्या उजव्या बाजूला मी. आधी नुसते नॉब फिरवायची. मग गाणी लावायला लागले. शेवटी शेवटी हे खुर्चीत बसून नुसते कपाळाला आठ्या घालायचे, आणि वाजवायची मी.
आठ्या नसल्या की समजायचं, बरं चाललंय.

दुसऱ्या झटक्यात गेले.
तेराव्याला तुम्ही म्हणालात, वहिनी, कंट्रोलर कंपनीसारखा करून आणतो, मग कोणीही वाजवील. मी हं म्हटलं, तुम्ही घेऊन गेलात. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चूक माझी.

तेव्हापासून मी घरात. आता ती खाट माझ्या वाट्याला आलीय.
खाली वाडीत कोणाची हळद असली की दुसऱ्याचा साऊंड इथवर ऐकू येतो. गाणं बदलताना तो ठेका चुकतो ते मला इथे बसून कळतं. हात शिवशिवतात.
सासूबाई म्हणतात, खिडकी लाव गो. मी लावते.

परवा पालीहून त्या मुलीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आता हिची हळद आहे. म्हणाली, "काकी, माझ्या हळदीला तुम्हीच वाजवायचं. कोणी काही बोललं तर मी बघते."
तुम्हाला तेव्हाच फोनवर सांगितलं तर तुम्ही काय म्हणालात? हळदीच्या मांडवात विधवा बाई कशी चालेल, लोक आपल्यालाच नावं ठेवतील.
भावोजी, मी नवरीला हळद लावायला जात नाहीय. नवरीला चालते, तिच्या आईला चालते. मग अडलंय कोणाचं?

दुसरा कंट्रोलर घे म्हणू नका. माझे हात त्याच बटणांवर शिकलेत. ती कोणा मेकॅनिककडून काढून टाकली असतील तर तेही आजच सांगा. मी परत उघडीन, परत लावीन. मला येतं.

आता दोन शब्द ह्यांना. अहो, तुम्ही गेलात ते बरं की वाईट मला ठरवता येत नाही. त्या खाटेतून सुटलात एवढं मात्र खरं. नमस्कार करते. जिथे असाल तिथे दोन्ही हातांनी वाजवा.

आणि भावोजी, पालीच्या मुलीला मला शुक्रवारी सकाळी कळवायचंय.
कंट्रोलर आहे तसा घरी आणून देताय की नाही, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा.
फोन करू नका. इथेच खाली लिहा, सगळ्यांना दिसेल असं.