प्रेमिलाआत्याची जोडी

आमच्या आणि मनसारामच्या अंगणांच्या मधे एक मातीची भिंत आहे, कमरेएवढी. तिकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही. एक भांडण मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"तुमची बहीण आली, येऊ दे," मनसारामची बायको बायनाबाई म्हणत होती. "पन जाईन कधी?"

"कुठी जाईन? नवरा मेला. दिरानं घराले कुलूप ठोकलं," मनसाराम म्हणाला.

"आन् आपल्या घराले कुलूप नाई म्हून इथी आली का?"

"हळू बोल. ऐकून राह्यली ते."

"ऐकू दे ना. मी का भिंतीले सांगून राह्यली?"

बहीण म्हणजे प्रेमिला. ती तिथंच मासे साफ करत बसली होती.

तेव्हापासून ती त्या घरात पाहुणीसारखी राहिली. फरक एवढाच की पाहुणीला कोणी भांडी घासायला लावत नाही. घरची माणसं उठायच्या आधी ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायची. दरवर्षी माघात बायकांच्या गाडीतून तेलंगणात मिरची तोडायला जायची, उन्हाळ्यात परत यायची.

एका वर्षी आरमोरीच्या रस्त्यावर वाघ दिसू लागला. आमच्या पोरी पोलीस भरतीसाठी त्याच रस्त्यावर धावायच्या. आईबापांनी तो बंद केला, तशा पोरी पाळीवर आल्या. धावणं झालं की जोड्या करायच्या. एकीनं उताणं पडून पोटाच्या जोरावर उठायचं, दुसरीनं तिचे पाय दाबून धरायचे. त्यांतली आचल एकटी उरली.

"मी धरतो तुह्ये पाय," प्रेमिला म्हणाली.

आचलनं पाय पोटाशी ओढले. "नाई आत्या! मोठ्या मानसानं पायाले हात लावला तं पाप लागन मले."

"मंग तू माह्ये धर."

आणि पदर खोचून ही बाई पाळीवर आडवी झाली. उठता येईना. आभाळाकडे पाहत हसत पडली. "धानाच्या रोवण्यात जलमभर वाकली मी, आन् उठाले काऊन येत नाई वं?"

मग तेच सुरू झालं. आचलचा नंबर आला की तिच्या पायांवर ओढणी टाकायची आणि प्रेमिलानं ओढणी धरायची. ओढणीला पाप लागत नाही, हे पोरींनीच ठरवलं. दिवाळीपर्यंत प्रेमिला न हसता उठू लागली.

माघ आला. प्रेमिला मला म्हणाली, "मुकादम म्हणते, तिकडंच बारा महिने राह्य. आता वापस नाई येत मी. इथी कोनाचं काय अडून राह्यलं?"

मी थांब कशी म्हणणार? घर माझं नव्हतं.

गाडी यायच्या दिवशी ती पाळीवर गेली नाही, गाठोडं बांधत बसली. थोड्या वेळानं सगळ्या पोरी घामेघूम मनसारामच्या अंगणात शिरल्या. बायनाबाईला वाटलं, कोणी पळून गेलं.

"आत्या कुठी हाये?" आचल म्हणाली.

"मिरची तोडाले जाऊन राह्यली."

"मंग माह्यी जोडी?"

"दुसरी पाह्य."

"दुसरी नाई पाह्यजे."

पोरी तिथंच बसल्या, आणि बसल्या तर व्यायामच करू लागल्या. सारवलेल्या अंगणात सगळ्या आडव्या. बायनाबाई चिडली, कोंबड्या पळाल्या. एवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. बायनाबाई पोरींना ओलांडत दारात गेली आणि ओरडली, "जा भाऊ तुमी! आमची बाई नाई येत!"

मी नंतर विचारलं, तर म्हणते, "एवढ्या पोरी लोळून राह्यल्या होत्या, गाठोडं बाहेर काढाले जागा तं पाह्यजे ना!"

प्रेमिला संध्याकाळी भिंतीपाशी आली. "मले आजवर कोनी थांब म्हटलं नव्हतं, बाई," एवढंच म्हणाली आणि गाठोडं सोडायला गेली.

आचल त्या भरतीत गोळाफेकीत मागं पडली, पुढच्या वर्षी पोलिसात लागली. तिच्यामागं नव्या पोरी आल्या. प्रेमिलाला जोडी मिळत गेली.

यंदा चैत्रात दुपारी जेवून झोपली ती उठली नाही. त्या सकाळी पाळीवरून आल्यावर ती चक्कीवर दळण घेऊन गेली होती. येताना पिठाचा डबा माझ्या ओट्यावर ठेवला, मलाही व्यायामाला पाय लांब करून बसायला लावलं, गुडघा वाकला म्हणून रागावली. मग डबा डोक्यावर घेतला आणि घरी नेऊन ठेवला.