नालीवरचा ओटा

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजसमोर आमची एक खोली होती. तीत आम्ही पाच जण राहायचो आणि सहावं झेरॉक्सचं मशीन. मशीनला जागा जास्त लागायची. लाइट गेली की काम बंद, आणि काम बंद झालं की आई भाजीऐवजी चटणी वाटायची. परीक्षा जवळ आल्या की अख्खीच्या अख्खी पुस्तकं यायची. खोलीभर पानं पसरून आम्ही भावंडं ती क्रमाने लावायचो. त्या पानांवरून चालायचं नाही म्हणून पाणी प्यायलाही उठायचं नाही. उष्णतेच्या वहनाची समीकरणं मी आधी अशी लावली आणि पुष्कळ वर्षांनी शिकले. समोरच्या कॉलेजचे प्राध्यापकही आमच्याकडूनच प्रती न्यायचे. त्यांना कव्हर निळं लागायचं.

बाबा सातवी शिकलेले. त्यांचा एक नियम होता. स्पायरल घातलं की कव्हरवर गिऱ्हाइकाचं नाव आणि रोल नंबर टाकायचा, आणि खाली कोपऱ्यात बाइंडिंग करणाऱ्याचं नाव. म्हणायचे, "काम केलं तर नाव टाकावं. लपवायले आपण का चोर आहो?"

हा नियम घेऊन मी पेनसिल्व्हेनियात आले. डोंगरांमधल्या एका विद्यापीठाच्या गावात आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. पहिल्या सेमिस्टरला पुस्तक महाग, म्हणून मी लायब्ररीतून एक आणलं आणि डिपार्टमेंटच्या कॉपिअरवर भर दुपारी चार प्रती काढल्या. शेजारी कोणीतरी कॉफी पीत होतं. त्याने मला स्टेपलर दिला. चारही प्रतींवर मी नावं टाकली आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात स्वतःचंही.

माझी पुण्याची रूममेट तिची प्रत कॅम्पसच्या बसमध्ये विसरली. ड्रायव्हर प्रामाणिक होता. त्याने ती जमा केली, जमा करून घेणाऱ्यांनी कव्हर वाचलं, आणि प्रत डिपार्टमेंटमध्ये पोचली.

"अगं, तू सही कशाला केलीस त्यावर?" रूममेट म्हणाली.

"सही नाही. नाव."

"यार, चोरी करताना कोणी व्हिजिटिंग कार्ड सोडतं का?"

"आणि बसमध्ये कोणी पुस्तक सोडतं का?"

त्यावर तिने चहा केला.

विद्यार्थ्यांच्या वर्तनाचं एक ऑफिस असतं. तिथल्या बाईंसमोर डिपार्टमेंटने पाठवलेली ती बसमधली प्रत होती. त्यांनी ती उलटून-पालटून पाहिली आणि काम नीट झालंय असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, हे कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट आहे, तुमची असिस्टंटशिप जाऊ शकते. असिस्टंटशिपवरच माझी फी माफ होती. ती गेली तर पुढच्या सेमिस्टरला मी नागपूरला. निर्णय घेण्याआधी त्यांना माझ्याकडून दोन पानं हवी होती: इन्फ्रिंजमेंट म्हणजे काय, हा शब्द आला कुठून, आणि मला त्यातलं काय कळलं. "स्वतःच्या शब्दांत," त्या म्हणाल्या. "कॉपी नको."

लायब्ररीतल्या मोठ्या कोशात शब्द सापडला. मूळ लॅटिन, अर्थ मोडणं. फ्रॅक्चर त्याच घराण्यातलं. आधी करार मोडणं, कायदा मोडणं अशा अर्थाने वापरायचे, पुढे दुसऱ्याच्या हक्काबद्दलही वापरू लागले. अर्धं पान झालं आणि मी अडले. कारण मोडलं काहीच नव्हतं. पुस्तक मी तारखेच्या आत परत केलं होतं, आणि ते माझ्यासमोरच शेल्फवर उभं होतं.

सकाळी बाबांना फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे मशीन चालू होतं. सगळं सांगितलं.

"तू कोणाचं काय तोडलं वं?"

"तेच कळत नाही, बाबा. ज्याचं होतं ते त्याच्याकडेच आहे."

त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "आपला ओटा आठवते का? नालीवरचा?"

आठवत होता. दुकानासमोरच्या नालीवर त्यांनी फरशी टाकून ओटा केला होता. एक दिवस अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि ओटा फोडून गेली.

"मी का नाली चोरली होती? नाली तिथंच होती, पाणीबी वाहत होतं. पण तिच्यावर काय बांधाचं अन् काय नाही, हे ठरवाचा हक्क आपला नव्हता. तो हक्क मी तोडला अन् त्यायनं ओटा तोडला." मग म्हणाले, "तेव्हा मी लय शिव्या देल्या त्यायले."

"आणि आता?"

"आताबी देतो. पण समजलं होतं मले."

उरलेलं दीड पान मी नालीवर लिहिलं. कोशातला अर्थ वर, ओटा खाली. चोरीत वस्तू जाते. इथे वस्तू जागेवर राहते, आणि तिचं काय करायचं हे ठरवण्याचा मालकाचा एकट्याचा अधिकार मोडतो. हे मला माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांनी समजावलं, असंही लिहिलं. शेवटी सवयीने कोपऱ्यात नाव टाकलं.

बाईंनी दोनदा वाचलं. नाली किती रुंद होती, हे विचारलं. चारही प्रती त्यांनी मागवून ठेवून घेतल्या, एक लेखी ताकीद दिली आणि असिस्टंटशिप राहू दिली.

दोन वर्षांनी माझा प्रबंध झाला. दुसऱ्या पानावर कॉपीराइटचं चिन्ह, वर्ष, माझं नाव आणि आमचं आडनाव. एक प्रत नागपूरला पाठवली. बाबांनी आधी शिवण तपासली. मग फोनवर विचारलं, "याची झेरॉक्स काढाची तर तुले विचारा लागते?"

"हो."

"मंग विचारतो. एक काढू का, दुकानात लावाले?"

मी परवानगी दिली. त्या उन्हाळ्यात मला मास्टर्सची पदवी मिळाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पूर्ण करूनच बाहेर पडले.