ज्वालामुखी पावला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणालाही सांगते. तेव्हा इथे परदेशात, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका विमा कंपनीत मी कॅरिबियन बेटांवरची जुनी वादळं, भूकंप, ज्वालामुखी यांची माहिती जुळवायचे. लेकीला त्या गोष्टींचं भारी वेड.

आदल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती मराठी भाषणात दोन वाक्यांतच अडली आणि रडत स्टेजवरून उतरली. या वर्षी स्वतःच म्हणाली, "मी बोलणार. पण ज्वालामुखीवरच."

मी झकास भाषण लिहून दिलं. 'उद्रेक', 'लाव्हारस', सगळं होतं त्यात. पोरीने कपाळाला हात लावला. "सो हार्ड, लाह!" ती तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

माझी आई तेव्हा यिशुनच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली होती. शाळेत कधी गेली नाही, पण श्रावणातल्या कहाण्या तोंडपाठ. ती म्हणाली, "तुझं पुस्तकी राहू दे गं. मी कहाणी सांगते तसं सांगू दे की पोरीला."

मग रोज संध्याकाळी चपात्या लाटता लाटता आजी-नातीची तालीम. मला स्वयंपाकघरात बंदी.

गणपतीत लेक स्टेजवर गेली. मग पहिल्या रांगेतल्या आजीकडे बघून तिने हात जोडले.

"आटपाट नगर होतं. मार्टिनिक बेटावर. नाव त्याचं सेंट पियर. शेजारी डोंगर होता, तो धूर सोडू लागला. लोक म्हणाले, काही होत नाही. एके दिवशी डोंगर कोपला, नगर जळून गेलं. पण जाड भिंतींच्या कोठडीत एक कैदी होता, तो वाचला."

एकदाही अडली नाही! मी टाळ्या वाजवायला हात उचलते तोच ती पुढे म्हणाली, "जसा ज्वालामुखी त्याला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!"

पुढच्या रांगेतल्या साऱ्या आज्यांनी सवयीने हात जोडले. मग आपण काय मागितलं ते लक्षात आलं आणि हॉलभर हशा उसळला. लेकीला वाटलं, आपल्यालाच दाद मिळतेय. तिने ऐटीत वाकून नमस्कार केला.

घरी येताना एमआरटी ट्रेनमध्ये मी आईला म्हटलं, "अगं, ज्वालामुखी पावो असं कुणी म्हणतं का?"

"शेवट केल्याशिवाय कहाणीवरनं उठू नये, एवढंच शिकवलं मी तिला," आई म्हणाली. "उठली का मधेच?"