वाणात दिलेली पुडी

रायपूर कितीही वाढलं तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण कोणाकडे गेलं नाही, हे इथल्या मराठी बायकांना रथसप्तमीच्या आत माहीत होतं. आनंदी देवतळेची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण तिचं चुकलं ते तिथेच.

आनंदी माहेरची वर्ध्याची. नवरा जयंत सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात बसतो. लग्न होऊन ती या शहरात आली तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मागच्या गल्लीतली स्नेहल भेटली आणि शहर आपलं झालं. एकीच्या घरचं दूध फाटलं की दुसरीच्या घरून पातेलं यायचं. गोल बाजारात साडी एकीची असायची, घासाघीस दुसरी करायची. स्नेहलचे वडील श्यामराव लेकीकडेच राहत. आनंदी दिसली की म्हणायचे, "आली का माझी दुसरी पोट्टी?"

मग आनंदी कंपनीत गेली. तिथले पौष्टिक पावडरीचे डबे विकायचे आणि आणखी बायका जोडायच्या. तिला जोडणारी स्वरदा दीदी फार गोड बोलायची. वाक्याच्या मध्ये "नं" म्हणून थांबायची आणि समोरचीच्या डोळ्यांत बघत उरलेलं वाक्य सोडायची. तिनंच शिकवलं, "अनजान लोग बाद में. आधी आपली माणसं धरा. आपली माणसं नाही म्हणत नाहीत."

त्या संक्रांतीला आनंदीनं वाण म्हणून वाट्या आणल्या नाहीत. पावडरीच्या नमुन्याच्या पुड्या लुटल्या, प्रत्येक पुडीवर आपल्या फोन नंबरची चिठ्ठी चिकटवून. वाण नको म्हणता येत नाही आणि परतही करता येत नाही. बायकांनी रीतीप्रमाणे पदरात घेतलं. संक्रांत सरते न सरते तोच घरोघर फोन गेले. "घेतलं का? कसं वाटलं?"

शेजारच्या सुशीलाकाकूंनी नळावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हळदीकुंकू लावून गिऱ्हाईक केलं वो हिनं आम्हाले!"

स्नेहल मात्र काही बोलली नाही. तिनं डबा घेतला. तो संपायच्या आत आनंदी दुसरा घेऊन गेली, तोही घेतला. आनंदीला वाटलं, मानवला हिला.

श्यामराव गेले ते त्याच वर्षी. आनंदी बसायला गेली. स्नेहलनं तिचा हात घट्ट धरला होता. खोलीत समईखेरीज काही हलत नव्हतं. तेवढ्यात आनंदीच्या तोंडून निघालं, "काकांले वेळेवर सुरू केलं असतं नं... तर फरक पडला असता."

शब्द तिचे होते, चाल स्वरदाची होती. "नं" म्हणून थांबणंसुद्धा तिचंच. एखाद्या बाईच्या अंगात यावं तसं ते वाक्य तिच्या अंगात आलं आणि तिच्या तोंडून बोलून गेलं. स्नेहलनं हात झटकला नाही. पदर सावरायचं निमित्त करून सोडवून घेतला, आणि तो हात परत आला नाही.

त्या दिवसापासून ते वाक्य आनंदीच्या घरी राहायला आलं. दुपारी कणीक मळताना ते मागे उभं राहायचं. केस विंचरताना आरशात आपले ओठ मिटलेले दिसत, तरी कानाला ऐकू यायचं.

एकदा ती जयंतला म्हणाली, "ते मी नाही बोलली हो."

जयंत चहा बशीत ओतत होता. "मग कोन बोललं?" त्यानं सहजच विचारलं.

तिनं स्वतःला नेम घालून घेतला. मैत्रिणीच्या उंबऱ्याआत कंपनीची पिशवी न्यायची नाही. हवं असेल तिनं फोन करावा, आपण होऊन विषय काढायचा नाही, सुखदुःखाच्या घरी तर नाहीच नाही. स्वरदा दीदी हसली. "ऐसे तो हो गया तुम्हारा धंदा!" धंदा खरंच बसला. त्याचं आनंदीला फार वाटलं नाही. पण नेम बाहेरून कोणाला दिसतो? दाराच्या भोकातून आनंदीच दिसायची.

तिनं बेल दाबली की आतला टीव्ही बंद व्हायचा. दारात चपला असायच्या, पडद्यामागे कोणी तरी उभं असल्यासारखं वाटायचं, आणि सगळं घर श्वास धरून बसायचं. स्नेहलच्या दारात तर एकदा आतून कुकरची शिट्टी झाली. माणसांना गप्प करता येतं, कुकरला कोण सांगणार? आनंदीला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. लहानपणी तिला वाटायचं, भूत मानगुटीवर बसतं, झाड हलवतं. तसलं काही नसतं. भूत नुसतं येतं आणि घरातली माणसं गप्प होतात.

एकदा भाजीच्या ठेल्यावर सुशीलाकाकू भेटल्या. "स्नेहलले पाह्यले गेली नाही काय तू?"

"काय झालं तिले?"

"माय! हात मोडला नं तिचा. बाथरूमात घसरली. पलस्तर आहे खांद्यापर्यंत." काकूंनी वांगी निवडता निवडता आवाज खाली आणला. "तिनंच सांगितलं, आनंदीले कळू देऊ नका. म्हणे, तिच्या कंपनीत हाडायचा बी डबा असन!"

काकू हसल्या. मग आनंदीचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. "बोलाची गोष्ट झाली, बाई. जा तू, जाऊन ये."

दुखण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात. आनंदीनं संत्री घेतली आणि घरीच देवापुढे ठेवून दिली. पिशवी दिसली की स्नेहलची नजर आधी पिशवीवर जाईल, मग आपल्यावर. पर्ससुद्धा नेली नाही.

स्नेहलच्या मुलीनं, राधानं दार उघडलं आणि जागीच थबकली. "आंटी... मम्मी सो रही है."

"कोन आहे वो?" आतून स्नेहलचा खणखणीत आवाज आला.

राधा ओशाळली आणि बाजूला झाली.

स्नेहल दिवाणावर बसली होती. केस विस्कटलेले, हात गळ्यात. तिची नजर आनंदीच्या हातांवर गेली. आनंदीनं नकळत तळवे उघडले.

"बस."

"फार दुखते काय?"

"दुखते." मग स्नेहल म्हणाली, "बोल आता."

"काय बोलू?"

"जे बोलाले आली ते. एकदाचं बोलून टाक, म्हणजे राधाले चहा ठेवाले सांगते."

"स्नेहल, काकांबद्दल त्या दिवशी मी जे..."

"ते नको." स्नेहल भिंतीकडे बघत होती. "बाबा रोज डोळ्यासमोर येते माझ्या. अन् त्यायच्या मागून तुझा आवाज येते. मले वाटते, खरंच घेतलं असतं तर? खोटं आहे हे मले कळते वो. तरी येते. किती वेळा हाकलू?"

आनंदीला वाटत होतं, ते वाक्य आपल्याच घरी राहतं. ते इथेही जेवूनखाऊन होतं, बाप गेलेल्या लेकीच्या उशाशी.

"मी बी तेच ऐकून राहिली," ती म्हणाली. "रोज."

स्नेहलनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. क्षमा केल्याचं त्यात काही दिसलं नाही. मग कपाळावरची बट फुंकरीनं उडवायचा प्रयत्न करत पुटपुटली, "या पोट्टीले वेणी येत नाही. रबर लावते अन् चालली."

"घालून देऊ?"

स्नेहल हो म्हणाली नाही. पाठ फिरवून बसली.

आनंदी फणी घेऊन मागे बसली. केसांत गुंता फार झाला होता. गाठीपाशी फणी थांबली की स्नेहलचे खांदे आवळायचे. ते दुखण्यानं नव्हे, हे आनंदीला कळत होतं. आता बोलेल, आता डब्याचा विषय काढेल, याची स्नेहल वाट पाहत होती. आनंदीलाही आपल्याच तोंडाची भीती वाटत होती. तिनं ओठ घट्ट मिटले आणि टोकापासून वर, एकेक गाठ बोटांनी सोडवत गेली. राधा दारात उभी राहून बघत होती.

तीन पेड पडले. वेणी खाली खाली आली.

"आणखी काही?" स्नेहलनं पाठमोरीच विचारलं.

"रबर दे," आनंदी म्हणाली.

स्नेहलनं चांगल्या हातानं रबर मागे केलं. तिचे खांदे अजून ताठच होते.