तीन वाजताचे नळ

भिंतीला हाताची उलटी बाजू लावायची, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "ताप नाही." मग पुढची भिंत. काशीमीऱ्याच्या त्या रिकाम्या फ्लॅटमधल्या सगळ्या भिंती सिस्टर अशा तपासायच्या. ओल आली तर भिंत गार लागते, गरम नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण सगळी नोकरी वॉर्डात गेलेली. हाताला दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. ओल म्हणजे ताप.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मी तेव्हा नया नगरच्या कडेला एक लहानसं वाचनालय चालवत होतो. शनिवारी सकाळी सिस्टर यायच्या, घरांच्या जाहिरातींची पुरवणी मागायच्या आणि भिंग लावून वाचायच्या. पुस्तक कधी नेलं नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "अहो लायब्ररीवाले, माझी कादंबरी हीच. दर आठवड्याला पुढचा भाग येतो, आणि नायिका दर आठवड्याला खंगते."

नायिका म्हणजे त्यांचा फ्लॅट.

नोटाबंदीनंतर घरांचे भाव उतरायला लागले, तेव्हा निवृत्तीचे सगळे पैसे घालून त्यांनी तो घेतला. सगळे थांबा म्हणत होते. सिस्टर म्हणाल्या, "भाव आडवे पडलेत. आडवा पेशंट उठतोच." भाव चढले की विकायचा आणि रत्नागिरीला, भावाच्या घराशेजारी, दोन खोल्या आणि अंगण असं काहीतरी बांधायचं, हा बेत. पण भाव आणखी उतरले. मग लॉकडाऊन आलं. पुढे कुठे कुठे भाव सावरले, तोवर हायवेलगत नवे उंच टॉवर उभे राहिले होते, आणि त्यांच्या बिल्डिंगीला कोणी विचारेना.

सिस्टर स्वतः वाचनालयाजवळच्या पूनम सागर वसाहतीत राहायच्या. तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, भर दुपारीही दिवा लावावा लागे. तिथल्या भिंतीला मात्र बारा महिने ताप. खोकला तिथूनच लागला. आणि काशीमीऱ्याला चौथ्या मजल्यावर, डोंगराकडे उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्यांचं घर बंद होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक न काढणारी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात स्वतः कधी चहा न पिणारी. सिस्टरांनी अख्खं घर तसं ठेवलं होतं. "कोरं आहे, कोरंच राहू दे," हे त्यांचं वाक्य. भाड्याने का देत नाही? "भाडेकरू खिळे मारतात." मग विकून का टाकत नाही? "घेतला त्याहून कमीत? मला काय वेड लागलंय?"

एकदाच मी विचारलं, "सिस्टर, तुम्हीच राहायला का जात नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेशंटच्या ताटातला घास उचलला होता. "मी राहिले की तो जुना झाला. वापरलेल्या फ्लॅटला कोण भाव देतं?"

मी पुरवणीची घडी घालू लागलो. विषय सोडून देणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

रोज दुपारी रिक्षा करून त्या तिथे जायच्या. एकटीला नको वाटायचं म्हणून पुढे पुढे मला बोलवू लागल्या. वाचनालय तेव्हा बंदच असे. लिफ्टमधून बाहेर पडलं की चपला हातात. बरोबर तीन वाजता सगळे नळ एकदम सोडायचे, पाच मिनिटं. पाणी फिरलं नाही तर पाइप गंजतात, मोऱ्यांना वास येतो. पाणी मात्र त्या वाया जाऊ देत नसत. बादल्या भरायच्या आणि त्याच पाण्याने लादी पुसायची. मग वर्तमानपत्र अंथरून खिडकीपाशी बसायचं. मी एकदा थर्मास ओट्यावर ठेवला, तर त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "डाग पडेल."

त्या तासाभरात त्यांना खोकला येत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्याही आलं असणार, नर्स होत्या. पण चार वाजले की वर्तमानपत्राची घडी, खिडक्या बंद, आणि परत दिव्याच्या खोलीत.

मग एकदाचं गिऱ्हाईक आलं. एजंटने आणलेलं तरुण जोडपं आणि नवऱ्याची आई. सिस्टरांनी इस्त्रीची साडी नेसली होती. भाव त्यांच्या मनासारखा मिळत होता. सुनेने खिडकी उघडली आणि म्हणाली, "आई, डोंगर बघा!" माझ्या मनात आलं, सुटल्या सिस्टर.

सासूबाई भिंतींकडे पाहत होत्या. "एकही खिळा नाही?"

"नाही," सिस्टर अभिमानाने म्हणाल्या. "आठ वर्षांत कोणी राहिलंच नाही. अगदी कोरा."

"आठ वर्षं? का बरं? काही झालं होतं का इथे?"

सिस्टरांना प्रश्नच कळला नाही. सासूबाई मात्र थेट खालच्या मजल्यावर गेल्या आणि तिथल्या गुजराती बेनला घेऊन जिन्यातच उभ्या राहिल्या. वर सगळं ऐकू येत होतं. बेन म्हणत होती, "ऊपर तो कोई रहता ही नहीं. लेकिन रोज तीन बजे पानी चलता है. बराबर तीन बजे. मैं तो दीया लगाती हूँ."

पाच मिनिटांत जोडपं, आई आणि एजंट, सगळे निघून गेले. सिस्टर सांगत होत्या, "अहो, मी सोडते ते नळ, मीच!" पण लिफ्ट खाली गेली होती.

परतताना रिक्षात त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या. "लायब्ररीवाले, बघा, जिवंतपणी भूत झाले मी. तेही पाणी भरणारं!" रिक्षावाला आरशातून बघत होता. हसू थांबल्यावर पूनम सागर येईपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी पुरवणी न मागता म्हणाल्या, "ठरलं. सहा महिने तिथे राहते. भाव सुधारायला हो, दुसरं काही नाही. लोकांना माणसाचे आवाज ऐकू यायला हवेत."

त्यांनी हातोडी आणली, एक खिळा आणला. नर्सिंगच्या बॅचचा फोटो लावायचा होता. अठरा पांढऱ्या टोप्या, त्यात दुसऱ्या रांगेत त्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली काढली. हातोडी उचलली. मग खाली ठेवली.

"एजंट म्हणतोय, महिनाअखेरीला एक पार्टी येईल. ती येऊन जाऊ दे."

पार्टी आली नाही. मग दुसरी येणार होती. हातोडी आणि खिळा खिडकीच्या कट्ट्यावर, फोटो भिंतीला टेकून जमिनीवर. दर दुपारी सिस्टर त्या फुलीसमोर उभ्या राहायच्या, भिंतीचा ताप बघायच्या आणि नळांकडे जायच्या. मी म्हणायला हवं होतं, मारा तो खिळा. मीच मारतो म्हणायला हवं होतं. मी बादली भरत राहिलो.

त्या वर्षी खोकला छातीत उतरला. ज्या वॉर्डात ड्युटी केली, तिथेच त्यांना खाट मिळाली. मी भेटायला गेलो तर उशामागच्या भिंतीला हात लावून म्हणाल्या, "हिला चांगलाच ताप आहे. सांगितलं मी त्या पोरींना." मग, "आज नळ सोडले का?"

"सोडले."

"पाच मिनिटं?"

"पाच मिनिटं."

खोटं होतं. त्या दिवशी मी सरळ त्यांच्याकडेच आलो होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

रत्नागिरीहून पुतण्या आला. शांत, सज्जन मुलगा. किल्ली माझ्याकडे देत म्हणाला, "काका, विकला जाईपर्यंत तेवढं बघाल ना? आत्या म्हणायची, कोरा आहे हीच त्याची किंमत." मी किल्ली घेतली. नाही म्हणणं मला जमत नाही.

आता तीन वाजता नळ मी सोडतो. वाचनालय बंद झालं, त्यामुळे वेळ आहे. भाव पुतण्याला हवा तसा येत नाही, आणि मी तिथे जायचं थांबवू शकत नाही. भिंतींनाही हात लावतो. मला त्यातलं काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात लादी पुसून झाली आणि पाहिलं, तर फोटोवर धूळ बसली होती. पुसला. कट्ट्यावरची हातोडी उचलली. खिळा फुलीवर धरला आणि मारला. पहिल्या घावाला रिकाम्या खोल्यांमधून असा आवाज घुमला की मीच दचकलो. आणखी चार घाव घातले. फोटो लावला. जरा तिरका बसला.

बेल वाजली. दारात खालची बेन होती, हातात पदर घट्ट धरलेला.

"भाईसाब, ऊपर कोई रहने आया क्या?"

"हाँ," मी म्हणालो. "एक सिस्टर हैं. बुजुर्ग हैं. ज़्यादा आवाज़ नहीं करतीं."