धुळीतला दुसरा शंख

खाडीतले लोक व्हर्लिनच्या धाडसाची गोष्ट आजही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी त्या दुपारी कड्यावर कोणीच नव्हते. जी होती ती व्हर्लिन मात्र स्वतःला शेवटपर्यंत भित्रीच म्हणत आली.

उन्हाळ्यात समुद्रापलीकडच्या वाळवंटाची धूळ बेटावर उतरे. सूर्य दुधात विरघळणाऱ्या बत्ताशासारखा होई, खडकांची रांग नाहीशी होई. अशा वेळी कड्यावरून शंख फुंकायचा, त्या रोखाने होड्यांनी आत यायचे. होडीवालाही एकदा उलट फुंकून ‘ऐकले’ असे कळवी. मात्र धुळीत वाट चुकून बुडालेली माणसेही उत्तर देतात, असा समज होता. त्यांचे उत्तर ऐकू आले की गप्प व्हायचे; नाहीतर ती आवाजामागून घरापर्यंत येतात.

चौदाव्या वर्षी शंख फुंकताना व्हर्लिनला असे उत्तर आले : घोगरे, पाण्याखालून आल्यासारखे. तिने शंख गवतात टाकला. ते उत्तर खरे तर तिच्या भावाचे, कॉस्मसचे होते. होडी खडकावर आदळली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. तिला झोप लागली असावी, असे त्याने गृहीत धरले. तिने ते तसेच राहू दिले. पुढे शंखाला तिने हात लावला नाही. भावाची जाळी सांधायची, त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढायचा, एवढेच ती मुकाट्याने करत राहिली.

काही वर्षांनी तशीच धूळ आली. कॉस्मस समुद्रात होता. शंख फुंकणारी त्यांची मावशी, टॅन्टी युफी, खोकत अंगणातच बसली.

“घे गं पोरी. माझ्या छातीचा पार भाता फाटलाय.”

“मला नाही जमणार, टॅन्टी.”

“त्यात जमायचंय काय? कोंबडा जातो का कुठे शिकायला?”

“पण पलीकडून उत्तर आलं तर?”

म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिले. “मागे आलं होतं, होय ना?”

व्हर्लिनने मान खाली घातली.

“मग आज आलं तरी फुंकत राहा. बुडालेले काय परके आहेत? त्यांचं ताट आपण वाढतोच की रोज.”

कड्यावर जग कापसासारखे झाले होते. तिची पहिली फुंकर थरथरली. थोड्या वेळाने डावीकडून उत्तर आले. मग उजवीकडून, फार खोलवरून, दुसरे. तरी शंख ओठांवरून ढळला नाही. कोण जिवंत आणि कोण नाही, हे ठरवणे तिने सोडून दिले. ज्याला यायचे त्याने यावे, म्हणून ती फुंकत राहिली.

धुळीतून शीड उमटले. कॉस्मस लंगडत चढ चढून आला.

“शंखच आहेस अगदी! कान किटवलेस. मी एकदा फुंकलं होतं ना?”

“एकदाच?”

“एकदाच. का गं?”

तिने समुद्राकडे पाहिले. “मागच्या वेळी मी झोपले नव्हते, दादा. तुझाच शंख ऐकला, आणि घाबरून थांबले.”

त्याने वाकून आपला अधू पाय चोळला. “आणि मी उगाच त्या झोपेला शिव्या घालत होतो,” तो म्हणाला. “चल, भूक लागलीय.”

त्या संध्याकाळी माशाचा मोठा तुकडा व्हर्लिनने भावाला वाढला नाही. बुडालेल्यांच्या ताटात ठेवला, आणि दार उघडेच राहू दिले.